हातात बटण, तोंडात पदर

माझ्या उजव्या खुब्यावर, थोडं मागच्या अंगाला, रुपयाएवढा एक डाग आहे. मला तो दिसत नाही. बघायचा तर आरशाकडं पाठ करून मान मोडावी लागते, आणि या वयात मोडलेली मान कोण बसवून देणार? पण तो तिथं आहे हे मी कुणापासून लपवत नाही. कुणी विचारलंच तर सांगते, हा माझ्या शहाणपणाचा शिक्का आहे.

झालं असं. माझ्यावर कॅन्सरचा इलाज चालू होता. मशीनमध्ये सरकवण्याआधी डॉक्टरीणबाईंनी माझ्या मुठीत एक बटण दिलं आणि म्हणाल्या, "आजी, दुखलं, चटका बसला, पायात मुंग्या आल्या, की हे दाबायचं. दाबलं की मशीन तिथल्या तिथं थांबतं." लहान लेकराला कळेल असं सांगणं. मी मान डोलावली. मग दुखलं. चांगलंच दुखलं. आणि मी, अख्ख्या गावाची लेकरं अंगणवाडीत सांभाळलेली शहाणी बाई, ते बटण मुठीत आवळून गप पडून राहिले. दाबलं नाही. का? तर दुखतंय म्हणून सांगायचं नसतं.

ही अक्कल मला कुठून आली ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

मी लग्न होऊन येरमाळ्याजवळच्या आमच्या गावात आले तेव्हा घरात आधीच एक सून होती. माझी थोरली जाऊ. सगळे तिला आक्का म्हणतात. वयानं माझ्याहून फार मोठी नाही, पण माझ्याआधी उंबरा ओलांडून आली, म्हणून जन्माची मोठी. माझं पहिलं बाळंतपण माहेरी झालं. तिथं मी पोटभर ओरडले. शेजारच्या गल्लीतली कुत्री भुंकायला लागली होती, असं माझी आई सांगायची. दुसरं बाळंतपण सासरी. कळा सुरू झाल्या आणि मी तोंड उघडलं, तोच आक्कानं माझ्याच पदराचा बोळा करून माझ्या तोंडात कोंबला.

"चावून धर. आपल्या घरातल्या बाया वरडत न्हाईत. भाईर गडीमाणसं बसल्यात."

मी तो पदर असा चावला की पातळाला भोक पडलं. पण आवाज काढला नाही. सासूबाई आल्यागेल्याला सांगायला लागल्या, "आमच्या धाकटीनं हूं का चूं केलं न्हाय." झालं! त्या एका वाक्यानं माझं डोकं फिरलं. माझ्या रूपाला कुणी कधी चांगलं म्हटलं नव्हतं, स्वयंपाकाला तर नाहीच नाही. मिळालेली ही एकच शाबासकी, ती मी आयुष्यभर मिरवली.

तेव्हाच्या त्या सुनेला आज भेटले तर कान पिळीन. बाई काय काय करायची! एकदा चुलीपुढं बसलेली असताना सरपणातून विंचू निघाला आणि पायाला डसला. कुणीही उठून बोंब मारली असती. ही बया भाकरी थापत बसली. घाम फुटलाय, पाय मांडीपर्यंत पेटलाय, आणि हात चालूच. ताटावर बसलेल्या सासऱ्यांनी भाकरी उचलून उजेडात धरली आणि विचारलं, "आज भाकरीला कोपरे कशानं आले?" तेव्हा कुठं मी सांगितलं, मामंजी, विंचू चावलाय. सांगितलं आणि परातीवरच आडवी झाले. पीठ सगळं डोक्यात. मांत्रिकाला आणायला धावलेल्या माणसानं मला बघून विचारलं म्हणे, म्हातारीला चावलाय का?

हसण्यावारी न्यायची गोष्ट इथवरच. कारण पुढं छातीत गाठ आली तेव्हाही मी तेच केलं. दुखत नाही, खुपत नाही, मग कशाला सांगायचं? चांगले सहा-आठ महिने मी ती गाठ पोलक्याच्या आत सांभाळली, जशी काही कुणी ठेव ठेवायला दिली होती. शेवटी आक्कानंच न्हाणीत पाठ चोळताना बघितली आणि माझा दंड धरून मला बाहेर काढलं. ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले, केस आले. आधी सरळ होते, आता कुरळे आले. आमचे हे म्हणाले, "बरं झालं, बायको बदलून मिळाली."

मग दोन-तीन वर्षं बरी गेली. आणि मग उजवा खुबा दुखायला लागला.

आधी मी म्हटलं वात असेल. मग म्हटलं अंगणवाडीत जमिनीवर बसून बसून झालं असेल. तपासलं तर कॅन्सरनंच खुब्याच्या हाडात बिऱ्हाड केलेलं. आणि पाठीच्या एका मणक्यात एक बारीक ठिपका. किरणांचा इलाज झाला, ज्याला आमच्याकडं लाइट घेणं म्हणतात. थोडं थांबलं, पुन्हा सुरू झालं. दुखणं असं की मांडी घालता येईना, वाकता येईना, रात्री कुशीवर होता येईना. मोरीत पडलेला साबण उचलायचा तर हाक मारावी लागायची. आणि हाक मारायची तर सवय नाही! मग मी पायाच्या बोटांनी साबण उचलायला शिकले. माकडाची जात माझ्यापुढं काय करील.

पण माझा जीव अडकला होता तो चुन्याच्या रानात.

येरमाळ्याच्या येडेश्वरी देवीच्या चैत्रातल्या यात्रेला पालखी चुन्याच्या रानात येते. त्या दिवशी रानात पाय ठेवायला जागा नसते, आणि आलेलं प्रत्येक माणूस वाकून चुनखडीचे खडे वेचतं आणि देवीच्या नावानं वाहतं. खडा ज्यानं त्यानं आपल्या हातानं वेचायचा. सासूबाई म्हणायच्या, "दुसऱ्यानं वेचलेला खडा म्हंजी दुसऱ्यानं खाल्लेली भाकर. आपलं पोट भरत न्हाय." लग्न झाल्यापासून आक्का आणि मी दरसाल जोडीनं जायचो. भांडून अबोला असला तरी जायचो, दोघींनी दोन बांध धरून. पण खुबा धरला त्या साली मी रानाच्या कडेला टेम्पोत बसून राहिले. आक्कानं मूठभर खडे आणून माझ्यापुढं धरले. मी घेतले नाहीत. ती वळली, खडे मुठीत तसेच धरून परत रानात गेली. त्या दिवशी मी मनाशी म्हटलं, बाई, मरण यायचं तेव्हा येऊ दे, पण पुढच्या चैत्रात या रानात मी वाकणार.

माझ्यावर इलाज करणाऱ्या सोलापूरच्या डॉक्टरांना मी असं काही म्हटलं नाही. त्यांना म्हटलं, "साबण उचलता येत न्हाय." ते हसले आणि म्हणाले, पुण्यात एक इलाज आहे, सुरी नाही, किरणं नाहीत, आवाजानं करतात. कॅन्सर त्यानं जाणार नाही, पण दुखणं जाऊ शकतं. जातंच असं नाही, बऱ्याच जणांचं जातं.

आमच्या ह्यांना इंजेक्शनची सुई दिसली तरी खाली बसायला लागतं, म्हणून पुण्याला माझ्याबरोबर आक्का आली. तिथं माझी नात शिकायला एका खोलीत राहते, मुक्काम तिच्याकडं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वयानं माझ्या धाकट्या लेकीएवढ्या. चेहऱ्यावरून वाटत नव्हतं की कुणाला भाजतील.

आक्कानं पहिलाच सवाल टाकला. "आवाजानं म्हंजी कसल्या आवाजानं? आवाजाला आमच्या गावात तोटा न्हाय."

"कानाला ऐकू न येणारा आवाज, आजी. सोनोग्राफीत असतो तसलाच, पण लई जोरकस," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या 'लई' म्हणाल्या तेव्हाच मला आवडल्या. "मशीनमध्ये शेकडो बारीक जागांवरून आवाज निघतो. एकेकटा आवाज अगदी साधा, कातडीला, मांसाला काही करत नाही. पण सगळे आतल्या एकाच ठिकाणी जाऊन मिळतात. जिथं मिळतात तिथं तेवढीच जागा तापते. तिथली गाठ भाजते, आणि दुखणं सांगणाऱ्या हाडावरच्या बारीक शिराही भाजतात."

मी म्हटलं, "कळलं. एका बाईनं कुणाच्या घराबद्दल कुजबूज केली तर काही होत न्हाय. अख्ख्या गावातल्या बायांनी एकाच घराबद्दल कुजबूज केली की ते घर पेटतंय."

डॉक्टरीणबाई इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. म्हणाल्या, "उद्यापासून मी सगळ्यांना हेच सांगणार."

दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी मला बोगद्यासारख्या मशीनच्या टेबलावर झोपवलं. खुब्याखाली पाण्याची गार गादी, तिच्यावर गार चिकट जेल. आवाज खालून येणार. पूर्ण झोपवायचं नव्हतं, गुंगीचं थोडं औषध दिलं. कारण मी जागी राहून सांगायला हवं होतं. बटण मुठीत. मशीन असं धडाडायला लागलं की आमच्याकडच्या वरातीतला डीजे बरा. पण ते धडाडणं नुसतं फोटो काढायचं. भाजणारा आवाज त्याच्या पोटात, मुका. थोडा वेळ आवाज, मग निवायला थोडी विश्रांती, मग पुन्हा आवाज. सुरुवातीला आत खोलवर नुसतं ऊन लागल्यासारखं वाटलं. मग एका फेरीत कातडीला असा चटका बसला, जसा तव्यावर उलथनं सोडून बोटानं भाकरी उलटताना बसतो. मी दात आवळले. विश्रांतीत कानावरच्या हेडफोनमधून डॉक्टरीणबाईंचा आवाज, "आजी, ठीक आहे ना?"

"ठीक हाय."

पुढची फेरी. पुन्हा चटका, त्याच जागी, अजून वाईट. आणि तुम्हाला खरं सांगू? मला आतून आनंद होत होता! मला वाटत होतं, जेवढं जास्त सोसू तेवढा इलाज जास्त लागणार. कडू औषध जास्त गुणाचं असतं तसं. कॅन्सर आत भाजून मरतोय आणि मी हूं का चूं करत नाही. सासूबाई वरून बघत असतील. त्यांनी वर चार जणींना बोलावून दाखवलंही असेल.

तेवढ्यात सगळं थांबलं. माझी नाडी पडद्यावर अशी पळायला लागली होती की डॉक्टरीणबाईंनी स्वतःच मशीन बंद केलं. टेबल बाहेर आलं, मला कुशीवर केलं, आणि त्यांनी तो रुपयाएवढा पोळलेला डाग बघितला. गादी आणि माझी कातडी यांच्या मधल्या घडीत कुठंतरी हवेचा बुडबुडा राहिला होता, त्यानं तेवढी कातडी तापली.

"आजी, बटण का नाही दाबलं?"

"मला वाटलं, सोसलं तर जास्त गुण येईल."

डॉक्टरीणबाई स्टूल ओढून माझ्याजवळ बसल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "माझ्या पडद्यावर सगळं दिसतं," त्या म्हणाल्या, "हाड दिसतं, गाठ दिसते, किती तापलंय ते दिसतं. दुखणं दिसत नाही. ते फक्त तुम्हीच सांगू शकता. तुम्ही गप बसलात की मी आंधळी." मग सांगितलं की अर्धंच काम झालंय, कातडी भरून येईपर्यंत पुढचं करता येणार नाही. मी विचारलं, कधी? त्यांनी सांगितलेले आठवडे मी मनात मोजले. चैत्राच्या अगदी तोंडावर येत होतं. म्हणजे मी माझ्या शौर्यानं चुन्याचं रान स्वतःच लांब ढकललं होतं.

बाहेर आक्का बसली होती. नातीनं तिला सगळं सांगितलेलं. मला वाटलं आता ही बोलणार. तिनं नुसत्या माझ्या साडीच्या निऱ्या नीट केल्या, आणि गावी पोचेपर्यंत अख्ख्या रस्त्यात खिडकीबाहेर बघत बसली. बार्शी मागं पडल्यावर एकदाच म्हणाली, "त्या येळंला मीच तुझ्या तोंडात पदर कोंबला व्हता न्हाय?" मी म्हटलं, "व्हय. आन् नवं पातळ फाडलं." त्यावर ती गालातल्या गालात हसली, पण हसणं पुरं झालं नाही.

गावी बातमी आमच्या आधी पोचली होती. आवाजानं कॅन्सर भाजतात, एवढंच लोकांनी उचललं. कोणतं गाणं लावत्यात, म्हणून एकीनं विचारलं. आमच्या वस्तीवरचे एक भावजी, कंबरदुखीनं बेजार, ते तर कुणाच्यातरी वरातीत डीजेच्या पेटीला पाठ लावून उभे राहिले. कंबर होती तशीच राहिली, वर दोन दिवस ऐकू येईना. आमचे हे म्हणाले, "आवाजानं कॅन्सर मरत असता तर हिच्या शेजारी मी कधीच बरा झालो असतो." मी म्हटलं, तुम्हाला कॅन्सर झालाय कधी? म्हणाले, "न्हाय ना! तेच सांगायलोय!"

दुसऱ्यांदा पुण्याला गेलो तेव्हा आक्का वेगळ्याच तयारीत होती. नातीच्या खोलीवर पोचलो, दुपारचं जेवण झालं, मी पलंगावर टेकले, तोच ही समोर येऊन उभी राहिली.

"वरड."

"काय?"

"दुखलं की वरडायचं. उद्या तुला करायचंय. आज शीक." आणि तिनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यापुढं तारे.

"आ," मी म्हटलं.

"ह्याला वरडणं म्हंत्यात? शेरडाचं पिलू बी ह्याच्यापरास मोठ्यानं वरडतंय." दुसरा चिमटा.

"आई गं."

"आई मेली तुझी. मोठ्यानं!"

तिसऱ्या चिमट्याला मी अशी किंचाळले की खोलीच्या खिडकीवरचं कबूतर उडालं. मला माझाच आवाज ओळखू येईना. आणि गंमत म्हणजे बरं वाटलं. फार वर्षांनी घराचं दार उघडून वारा आत घेतल्यासारखं. मी म्हटलं, आक्का, अजून एकदा. तिनं काढला. मी ओरडले. मग आम्हा दोघींना हसू असं फुटलं की ती माझ्या अंगावर पडली. तेवढ्यात दारावर थाप. वरच्या मजल्यावरची बाई घाबरून आलेली, "सगळं ठीक आहे ना?" नात लाजून लाल. ती म्हणाली, "काही नाही काकू, आज्जी प्रॅक्टिस करतायत." त्या बाई आमच्याकडं असं बघत गेल्या की पुन्हा कधी त्या जिन्यात भेटल्या तर अंग चोरतात.

दवाखान्यात या वेळी आधी रक्त काढलं. मी विचारलं, हे कशाला? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे तुमच्या इलाजासाठी नाही, अभ्यासासाठी आहे, तुमची हरकत नसेल तर. मग समजावलं. आवाजानं गाठ भाजली की तिचे तुकडे तिथंच राहतात. आपल्या अंगात रोगाशी लढणारे पहारेकरी असतात. कॅन्सर त्यांच्यापासून तोंड लपवून राहतो. पण तुकडे झाले की कधीकधी पहारेकऱ्यांना त्याचं तोंड दिसतं, मग ते दुसरीकडं दडलेल्यांनाही हुडकायला लागतात. असं होतं का, किती जणांत होतं, ते अजून बघतायत.

मी म्हटलं, "म्हंजी चोराला पकडून चावडीवर बसवायचं. अख्ख्या गावानं तोंड बघितलं की त्याच्या भावाला गावात लपता येत न्हाय."

"बरोबर. पण आजी, कधीकधी गाव चोराकडं बघतच नाही."

"खरंय," मी म्हटलं, "आमच्या गावात तर चोराला चहा पाजत्यात."

पुन्हा टेबल, पुन्हा गार गादी. या वेळी डॉक्टरीणबाईंनी बुडबुडा राहू नये म्हणून दोन-दोनदा हात फिरवून बघितलं. बटण मुठीत. मशीन धडाडलं, आणि मी लगेच दाबलं.

सगळं थांबलं. कानात घाबरलेला आवाज, "काय झालं आजी?"

"नाक खाजायलंय."

कुणीतरी आत येऊन माझं नाक खाजवून गेलं. पुन्हा सुरू. मी पुन्हा दाबलं. जेल लई गार हाय. तिसऱ्यांदा दाबलं, तेव्हा काही कारणच नव्हतं, बटण चालू आहे का ते बघितलं. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, फक्त दुखलं की," आणि त्यांच्या आवाजात हसू होतं, तरी मी शहाणी झाले.

पुढं बऱ्याच फेऱ्या बिनबोभाट गेल्या. मग एका फेरीत खुब्यापासून पोटरीपर्यंत वीज गेल्यासारखी मुंगी धावली. मी बटण दाबलं आणि वरून "आई गंऽऽऽ" म्हणून ओरडले. बाहेरच्या खोलीत बसलेल्या मशीनवाल्याच्या हातातलं पेन खाली पडलं म्हणे. आवाज थांबला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं कुठं, कसं, कुठपर्यंत. मी सगळं सांगितलं, अगदी माहेरी सांगितलं असतं तसं सांगितलं. त्यांनी काहीतरी फिरवलं, दिशा बदलली, म्हणाल्या, "शाबास, आजी. बरं झालं सांगितलंत." मी त्या बोगद्यात पडल्या पडल्या हसले. दुखतंय म्हटल्याबद्दल शाबासकी! तीही या वयात!

इलाजानंतरचे पहिले एक-दोन दिवस खुबा जास्तच ठणकला. डॉक्टरीणबाईंनी आधी सांगितलं होतं, तरी मन खट्टू झालं. चैत्र लागला होता, घराघरात यात्रेची बोलणी चालू होती. आक्का येता-जाता माझ्या चालण्याकडं बघायची आणि नजर वळवायची. मग एका सकाळी मी चहा पीत होते. अर्धा कप झाला, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी पाटावर बसलेय. मांडी घालून. कधी बसले, कशी बसले, काही आठवेना. सवयीनं बसून गेले होते. मी हललेच नाही. वाटलं, हलले तर दुखणं जागं होईल. आक्का चुलीवरून वळली, माझ्याकडं बघितलं, पाटाकडं बघितलं, आणि दूध उतू गेलं.

पालखीच्या दिवशी आम्ही उन्हाच्या आत निघालो. रानात तोबा गर्दी, हलगी, धुरळा, कुणाच्या खांद्यावर पोर, कुणाच्या डोक्यावर टोपलं. टेम्पोतून मी खाली उतरले ती कुणाचा हात न धरता. रानात शिरले आणि वाकले. हळूच. खुबा कुरकुरला थोडा, जुन्या दारासारखा, पण उघडला. पांढरा खडा बोटाला लागला, उन्हानं कोमट झालेला. मी तो उचलला. मग दुसरा. मग थांबताच येईना. वाकायचं, उचलायचं, उठायचं, पुन्हा वाकायचं. पदरात ढीग झाला. आक्का ओरडली, "अगं, रान न्यायचंय का घरी?" मी म्हटलं, गेल्या सालचे बी वेचायलेय. भोवतालच्या बाया बघायला लागल्या, मी आपली लहान पोरीसारखी वाकतेय आणि हसतेय. कॅन्सर गेला नाही, मला माहीत आहे. पुढं तपासलं तेव्हा पाठीतला ठिपका होता तेवढाच निघाला. कॅन्सरच्या रोजच्या गोळ्यांनी थांबला, की माझ्या पहारेकऱ्यांनी त्याचं तोंड ओळखलं, ते डॉक्टरीणबाईंनाही सांगता आलं नाही, आणि त्यांनी उगीच सांगितलंही नाही. पण त्या दिवशी रानात मला ठिपका आठवलाच नाही.

खडे वाहून आम्ही माघारी निघालो. मी पुढं, आक्का मागं. रानाच्या कडेचा बांध उतरून मी खाली आले, मागं बघितलं तर ती वरच उभी. मला वाटलं गर्दीत कुणी ओळखीचं भेटलं. पण ती नुसती उभी होती, एक पाय पुढं टाकायची आणि परत घ्यायची. मी म्हटलं, आक्का, काय झालं, चला की. तिनं आधी डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, घरचं कुणी जवळपास नाही अशी खात्री केली, आणि मग माझ्याकडं बघून म्हणाली:

"धाकटे, माझे गुडघे लई दुखायलेत गं. लई वर्सं झाली. मला एकटीला उतरता येत न्हाय, वर ये आन् हात दे."